रंगाचा हात घरचाच : मिनी बाईकच्या स्प्रे पेंटिंगवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुन्या लूनाच्या इंजिनावर घरी बनवलेल्या छोट्या बाईकबद्दल लिहिलं होतं, त्यावर जे मेसेज आले ते जवळपास सगळे रंगाबद्दलच. वेल्डिंग कुणीतरी ओळखीचं करून देतं, इंजिन मेकॅनिक बसवून देतो, पण रंग मात्र प्रत्येकाला स्वतःच्या हातानेच मारायचाय, आणि हे मला मनापासून आवडलं. म्हणून यावेळचं सगळं सदर रंगालाच दिलंय. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (इचलकरंजी) : दादा, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लूनाचं इंजिन, स्कूटरची दहा इंची चाकं आणि इंचाच्या पाइपची चेसी, असा माझा मिनी बाईकचा प्रोजेक्ट आहे. चेसी काकांच्या फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्ड केलीय. आता ४०० एमएलच्या स्प्रे कॅनने घरीच रंग मारायचाय. सुरुवात कुठून करू, कुठल्या नंबरचा सँडपेपर, आधी लांबी (पुट्टी) की आधी अस्तर (प्रायमर), कॅन किती लागतील? व्हिडिओमध्ये प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

उत्तर : मित्रा, गाडी एकदा पूर्ण जोडून चालवून बघितलीस का? नसशील तर कॅन घ्यायच्या आधी ते कर. रंग झाल्यावर लक्षात येतं की सीटचा ब्रॅकेट राहिला किंवा चेन कुठेतरी घासतेय, मग परत वेल्डिंग, आणि वेल्डिंगच्या आजूबाजूचा सगळा रंग जळतो. म्हणजे आधी जोडायची, फिरवायची, मग सगळी सुटी करायची, आणि मग रंग.

आता सफाई, आणि इथे घाई करू नकोस. फॅब्रिकेशनच्या पाइपवर एक तर तेलाचा हात असतो नाहीतर ती काळी-निळसर पपडी असते, मिलमधून आलेली. ती पपडी दिसायला घट्ट वाटते पण काही महिन्यांनी ती स्वतःच सुटते आणि वरचा रंग सोबत घेऊन जाते, त्यामुळे तार-ब्रशने किंवा ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने ती काढून पांढरा लोखंडी पत्रा दिसायला हवा. पण घासायच्या आधी तेल काढायचं, नंतर नाही. तेलकट पाइपवर पेपर चालवला की तेल चऱ्यांमध्ये जाऊन बसतं आणि मग अस्तर मारल्यावर त्या जागी माशाच्या डोळ्याएवढे खड्डे पडतात. गॅरेजमध्ये रॉकेलने किंवा डिझेलने धुतात, धू, हरकत नाही, पण त्याचा तेलकटपणा मागे राहतो म्हणून नंतर भांड्याच्या साबणाने धुवून, कडक वाळवून, शेवटी एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या, थिनरने पांढऱ्या फडक्याने पूस. फडक्याला काळं लागायचं थांबेपर्यंत पूस, फडकं बदलत जा. त्यानंतर उघड्या हाताने धरायचं नाही, हाताचा घामसुद्धा रंगाखाली दिसतो.

पेपर असा, वेल्डिंगच्या जागी आणि गंज असेल तिथे ८०, मग १२०, मग १८०. उघडं लोखंड पावसाळी हवेत काही तासांत तांबूस व्हायला लागतं, म्हणून घासलं त्याच दिवशी अस्तर मारायचं. रात्रभर ठेवलंस तर सकाळी परत घासावं लागेल.

लांबी की अस्तर, तर लांबी, म्हणजे दोन भागवाली पॉलिस्टर पुट्टी, ८० ने घासलेल्या उघड्या पत्र्यावर किंवा मग इपॉक्सी अस्तरावर बसते. एनसी अस्तरावर किंवा एचिंग प्रायमरवर ती नीट धरत नाही. हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्केच घाल. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला की तो पुढे रंगातून पिवळा डाग होऊन वर येतो, पांढऱ्या किंवा क्रीम रंगावर तर हमखास. आणि लांबी पाणी लावून घासू नकोस. गॅरेजमध्ये सर्रास पाण्याने घासतात पण लांबी पाणी पिते, ते पाणी आत अडकतं आणि उन्हात गाडी उभी राहिली की रंगाला फोड येतात. कोरडीच घास, तोंडाला मास्क लावून. पाण्याचा पेपर अस्तरावर वापरायचा, लांबीवर नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. लांबी टाकीला आणि मडगार्डला लाव, चेसीच्या जॉइंटला लावू नकोस. हँडलच्या मुंडीजवळचा वेल्ड ओबडधोबड दिसतो म्हणून तो लांबीने गुळगुळीत करायचा मोह होतोच. पण तिथे सगळ्यात जास्त धक्के बसतात, आणि वेल्डला बारीक तडा गेला तर तो लांबीखाली दिसणारच नाही. वेल्ड दिसू दे, काकांनी चांगला मारला असेल तर तो झाकायचं कारणच नाही.

अस्तराचे दोन-तीन हात झाले की वाळू दे, मग त्यावर लांबून काळ्या स्प्रेचा अगदी हलका शिडकावा मार, नुसते ठिपके, आणि वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला ४०० चा पेपर गुंडाळून पाण्याने घास. जिथे काळं लगेच जाईल तिथे उंचवटा, जिथे काळं राहील तिथे खड्डा. टाकीवरचा खड्डा बोटाला कळत नाही पण या काळ्याने लगेच कळतो. मग ६०० ने शेवटचा हात, मेटॅलिक रंग असेल तर ८०० ने, कारण मेटॅलिकच्या खालचे चरे चमकतात.

आता रंग. कॅन हलव, आतली गोळी खडखडायला लागल्यावर तिथून पुढे दोन मिनिटं, आणि मध्ये मध्ये परत. आधी टाकाऊ पत्र्यावर मारून बघ. २० ते २५ सेंटीमीटरवरून, पार्टच्या बाहेर बटण दाबायचं, पार्टवरून सरळ पुढे न्यायचं आणि पलीकडे बाहेर गेल्यावर सोडायचं, पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. मनगट वळवायचं नाही, हात सरकवायचा. पहिला हात इतका पातळ की खालचं अस्तर दिसलं पाहिजे, ते बघून जीव खालीवर होतो आणि तिथेच माणूस अजून एकदा फिरवतो आणि ओघळ येतो. दहा मिनिटं थांब, दुसरा हात, दहा मिनिटं थांब, तिसरा. पाइपच्या चेसीला आधी कोपरे, जॉइंट आणि खालची बाजू, मग लांब पाइप. शेडच्या बाराला तारेने टांग म्हणजे चारी बाजूंनी फिरता येतं.

चेसी, टाकी, दोन मडगार्ड धरून अस्तराचे दोन, रंगाचे तीन आणि क्लियरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, दोन कॅन धर. रंगाचे कॅन एकदम घे आणि खालचा बॅच नंबर एकच बघून घे, वेगळ्या बॅचमध्ये शेड जरासा इकडे तिकडे होतो आणि टाकी आणि मडगार्ड शेजारी आले की ते लगेच डोळ्यात भरतं. रंग मारायच्या आधी बेअरिंगच्या जागा, सगळे आटे, एक्सलची भोकं आणि अर्थिंगचा बोल्ट बसतो ती जागा मास्किंग टेपने बंद कर. ब्रेक ड्रमच्या आत एक थेंब जाता कामा नये.

आणि टाकी जुन्या लूनाचीच असेल तर तिचा मूळ रंग कोरडा घासू नकोस. लूना १९७२ पासूनची गाडी, त्या काळच्या रंगात शिसं असायची शक्यता मोठी. शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली आणि तीही घराच्या आणि सजावटीच्या रंगांनाच. जुना रंग पाण्यानेच घास, चिखल कागदावर गोळा कर, लहान भावंडं असतील तर त्यांना लांब ठेव.

प्रश्न (नाशिक) : रंग मस्त आला होता, क्लियरही मारलं. पहिल्यांदा पेट्रोल भरताना थोडं सांडलं तर झाकणाभोवतीचा रंग चिकट झाला, बोटाला लागला. कॅन डुप्लिकेट होता का?

उत्तर : कॅनमध्ये बहुतेक काहीच खोट नाही. दुकानात मिळणारा साधा एनसी किंवा ॲक्रिलिक स्प्रे वन-के, म्हणजे एकाच भागाचा असतो, म्हणजे त्यातलं थिनर उडून गेलं की रंग वाळतो, बस. आत काही रासायनिक पकड झालेली नसते, त्यामुळे पेट्रोल किंवा थिनर लागलं की तो परत विरघळतो. महिनाभर वाळवला तरी पेट्रोलपुढे तो टिकणार नाही. क्लियर वन-के असेल तर त्याचंही तेच.

पेट्रोलला उभं राहतं ते टू-के क्लियर. त्यात हार्डनर वेगळा असतो, तो मिसळला की रेझिनची साखळी तयार होते आणि मग पेट्रोल सांडलं तरी फडक्याने पुसून मोकळे. ते कॅनमध्येही मिळतं, कॅनच्या बुडाला एक बटण असतं, ते दाबलं की आतली हार्डनरची डबी फुटते, मग नीट हलवायचं. एकदा बटण दाबलं की घड्याळ सुरू, कॅनवर लिहिलेल्या वेळेत, बहुतेक एक-दोन दिवसांत, तो संपवावाच लागतो, नंतर आतच घट्ट होतो. म्हणून सगळे पार्ट तयार, टांगलेले असतील तेव्हाच बटण दाबा.

पण टू-केचा हार्डनर म्हणजे आयसोसायनेट. त्याचा बारीक फवारा श्वासात गेला तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही अटॅक येतो, आयुष्यभर. गाड्या रंगवणाऱ्या कामगारांना होणाऱ्या दम्यामागचं हे जुनं कारण आहे. रंगकामाच्या बंद खोलीत, म्हणजे मोठ्या बूथमध्ये, पेंटरला बाहेरून नळीने स्वच्छ हवा देतात ते उगाच नाही. माझं मत विचाराल तर टाकी अस्तरापर्यंत, रंगापर्यंत घरी करा आणि टू-के क्लियर तेवढं बूथ असलेल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घ्या. तयार पार्ट नेऊन दिला तर फार खर्च येत नाही. फक्त खाली कुठला रंग आहे ते त्याला आधी सांगा, का ते पुढच्या उत्तरात आहे.

तुमच्या टाकीचं म्हणाल तर चिकट झालेला भाग पूर्ण वाळू द्या, तेवढा पट्टा घासून अस्तरापर्यंत उतरवा आणि परत चढवा. नुसतं वरून टू-के मारून ते झाकू नका.

प्रश्न (सांगली) : मडगार्डला आधी घरातल्या ग्रिलचा ऑइल पेंट उरलेला तो मारला होता. त्यावर स्प्रे मारला तर दोन मिनिटांत सगळीकडे सुरकुत्या आल्या, पाल भाजल्यासारखं कातडं झालं. काय चुकलं?

उत्तर : खालचा रंग एका जातीचा आणि वरचा दुसऱ्या. ग्रिलचा ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल, तो हवेतल्या ऑक्सिजनने आठवडेच्या आठवडे आतून पिकत असतो. त्याच्यावर एनसी किंवा ॲक्रिलिक स्प्रेचं जहाल थिनर पडलं की वरचा पापुद्रा फुगतो आणि उचलतो. उलट चालतं, म्हणजे पूर्ण वाळलेल्या एनसीवर इनॅमल बसतो, पण इनॅमलवर एनसी नाही.

एका जातीच्या रंगातही हे होऊ शकतं. काही इनॅमल स्प्रेवर लिहिलेलं असतं की दुसरा हात एका तासाच्या आत मारा नाहीतर चोवीस तासांनंतर किंवा त्याहून उशिरा. त्या मधल्या वेळेत वरचा थर अर्धवट आवळलेला असतो आणि नेमका तेव्हा हात मारला की सुरकुती. कॅनच्या मागची ती बारीक अक्षरं वाचाच, अस्तर, रंग आणि क्लियर एकाच कंपनीचं आणि एकाच जातीचं घेतलं तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

उपाय एकच, पेंट रिमूव्हर लावून किंवा घासून लोखंडापर्यंत खाली या. अर्धवट घासून वर अस्तर मारलं तर ते परत उचलेल. जुनी गाडी घेतली आणि खाली कुठला रंग आहे ते कळत नसेल तर कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, थिनरचं फडकं मिनिटभर दाबून धरा. रंग फडक्याला आला तर एनसी, सुरकुतला तर इनॅमल, काहीच झालं नाही तर कारखान्यातला भट्टीचा किंवा टू-के.

प्रश्न (रत्नागिरी) : काळा रंग मारला, वाळल्यावर पांढरट धुकं बसल्यासारखा दिसतो. पावसाळा चालू आहे, पण मारला घरातच, ओसरीवर.

आणि प्रश्न (अकोला) : मे महिन्यात गच्चीवर रंग मारला, हाताला खरखरीत लागतो, चमकच नाही. कॅन तोच, जो मित्राने डिसेंबरात वापरला होता आणि त्याचा आरशासारखा आला.

उत्तर : दोघांना एकत्रच उत्तर देतो कारण दोन्हीकडे दोष हवेचा आहे.

रत्नागिरीत काय झालं, तर थिनर उडताना पत्र्यातली उष्णता घेऊन जातं, पत्रा थंड पडतो, आणि ऑगस्टच्या त्या दमट हवेतलं बाष्प ओल्या रंगावरच पाणी होऊन बसतं. रंग त्या पाण्यासकट वाळतो आणि पांढरट दिसतो. छप्पर असून उपयोग नाही कारण दमटपणा ओसरीवरही तेवढाच असतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग मारायचाच नाही, हा औद्योगिक रंगकामातलाही नियम आहे, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर असायला हवं. आर्द्रता आणि दवबिंदू दोन्ही मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये मिळतात. कोकणात जून ते सप्टेंबर जोडाजोडीचं काम करा, लोखंड घासायचं, अस्तराचं आणि रंगाचं ऑक्टोबरनंतर. आत्ता जो पांढरटपणा आलाय तो हलका असेल तर कोरड्या दिवशी त्यावर त्याच रंगाचा किंवा क्लियरचा एक पातळ हात मारून बघा, थिनरने खालचं उघडतं आणि अडकलेलं पाणी निघून जातं. नाही गेला तर ६०० ने घासून परत.

अकोल्यात उलटं. पारा पंचेचाळीसला, गच्ची तापलेली, टाकीचा पत्रा हात लावता येणार नाही असा. रंगाचा थेंब कॅनमधून निघून टाकीपर्यंत पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि कोरडी पूड होऊन बसते. जो ओला पोचतो तोही पसरून सपाट व्हायच्या आत आवळतो, म्हणून पेंटर ज्याला संत्र्याच्या सालीसारखा फिनिश म्हणतात तो येतो. विदर्भात उन्हाळ्यात पहाटे मारा, सावलीत, टाकी रात्रभर घरात गार झालेली असताना, आणि कॅन थोडा जवळ घ्या. वाऱ्यात मारू नका, धूळ तर बसतेच पण रंगही उडून जातो. आणि कॅन गच्चीवर उन्हात विसरू नका, ५० अंशाच्या वर तो फुटू शकतो, बंद गाडीच्या डिकीतसुद्धा. हिवाळ्यात कॅन गार पडून जाडा फवारा यायला लागला तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा, गॅसवर किंवा गरम पाण्यात कधीच नाही.

प्रश्न (ठाणे) : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे, फ्लॅटच्या बाल्कनीत मिनी बाईकचे पार्ट स्प्रे करतो. वास रात्रीपर्यंत जात नाही. सासूबाईंना दमा आहे. तो म्हणतो एन-९५ लावतो, काही होत नाही. खरं काय?

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी बरोबर आहे. एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ त्यातून आरपार जाते. रुमाल बांधला तर तेवढंही नाही. वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा, म्हणजे कोळशाचे डबे आणि वर धुळीचा फिल्टर असलेला रबरी मास्क लागतो, दाढी वाढलेली असेल तर तोही चेहऱ्याला घट्ट बसत नाही. आणि तो मास्क मुलाला वाचवतो, आत खोलीत बसलेल्या आजींना नाही. सासूबाईंना दमा आहे म्हणताय तर त्या घरात स्प्रे नकोच, आणि टू-के तर अजिबातच नको.

दुसरा धोका आगीचा. कॅनमधून रंग बाहेर ढकलायला जो गॅस भरलेला असतो तो बहुतेक एलपीजीच्या जातीचा, शिवाय थिनर. ही वाफ हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीलगत सरकत आत येते. देवघरात समई लावलेली, स्वयंपाकघरात गॅस चालू, बाथरूममध्ये गॅस गीझर, यातलं काहीही एक पुरे. टाकी असेल तर त्यात पेट्रोलचा अंश नाही ना हेही बघायला सांगा, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते कारण ती वाफेने भरलेली असते.

पण त्याचा छंद बंद करू नका, मुलगा हाताने काहीतरी घडवतोय. घासणं, लांबी, पुसणं, मास्किंग, जे नव्वद टक्के काम आहे ते घरी करू दे, पाण्याने घासायचं तर बाथरूममध्ये. फवारणीसाठी एखाद्या मित्राचं अंगण, गावचं घर किंवा ओळखीचं गॅरेज बघायला सांगा. सोसायटीची गच्ची किंवा पार्किंग नको, रंगाची पूड वाऱ्यावर बरीच लांब जाते आणि शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेवर बसली की मग भांडण.

प्रश्न (पुणे) : माझ्याकडे २०१७ ची होंडाची नावी गाडी आहे. मिनी बाईकसारखी कस्टम करायचीय. साइडच्या प्लास्टिकवर स्प्रे मारला तर नखाने निघतोय.

उत्तर : नावी छान निवड आहे, होंडाने २०१६ मध्ये आणली तेव्हा दिल्लीत ३९,५०० ला होती आणि कस्टम करायला म्हणूनच विकली. पॅनल काढा आणि मागच्या बाजूला बघा, प्लास्टिकमध्येच अक्षरं उठवलेली असतात. एबीएस लिहिलं असेल तर ४०० ने मंद करून, साबणाने धुवून थेट अस्तर चालतं. पीपी लिहिलं असेल तर त्यावर काहीच धरत नाही, त्याला प्लास्टिक प्रायमर, ज्याला ॲडहिजन प्रमोटर म्हणतात, तो पातळ मारून सांगितलेल्या वेळेत पुढचा हात मारायचा. तुमचं बहुतेक हेच झालंय. प्लास्टिक चकाकायला गॅरेजमध्ये सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असतं तेही आधी काढायला हवं. आणि मॅचिंग म्हणून हेल्मेटला स्प्रे मारू नका, थिनरने पॉलीकार्बोनेटचं कवच ठिसूळ होतं आणि ते वरून दिसत नाही.

प्रश्न (सातारा) : आमच्याकडे घरटी एक फौजी. मला माझ्या ४९ सीसीच्या मिनी बाईकला मिलिटरी हिरवा मॅट द्यायचाय. पुतण्या चौदा वर्षांचा आहे, तो गावात फिरवेल. रंगाचा कोड कुठे मिळेल?

उत्तर : भाऊ, भावना समजते पण तो रंग नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १२१, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. तुम्ही गडद बाटली हिरवा घ्या किंवा वाळूचा रंग घ्या, मॅटमध्ये दोन्ही देखणे दिसतात. मॅट क्लियर मात्र नंतर पॉलिश करता येत नाही, घासलं की तेवढाच भाग चमकतो, म्हणून त्यात धूळ बसू न देता एका दमात मारावं लागतं.

आणि पुतण्याचं, ते मी रंगापेक्षाही कळकळीने सांगतो. मोटार वाहन कायद्यातून सुटतात ती २५ सीसीपर्यंतची, चारपेक्षा कमी चाकांची वाहनं. ४९ सीसी म्हणजे ती कायद्याने मोटार वाहनच, नोंदणीशिवाय रस्त्यावर नेता येत नाही, आणि घरी वेल्ड केलेल्या गाडीला नोंदणी मिळत नाही. ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवायला वय सोळा लागतं, तेही लायसन्ससकट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे. स्वतःच्या शेतात, कुंपणाच्या आत, हेल्मेट आणि मोठं माणूस सोबत, एवढंच. ज्यांची गाडी नोंदणीची आहे, जसं वरची नावी, त्यांनी रंग बदलला तर आरसीवर रंग लिहिलेला असतो, आरटीओत अर्ज देऊन तो बदलून घ्या. आणि चेसी नंबरवर कधीही लांबी किंवा जाड रंग चढवू नका.

प्रश्न (जेजुरी) : टाकीवर पिवळ्यात "येळकोट" लिहायचंय. खाली निळा आहे. स्टिकर की स्टेन्सिल?

उत्तर : स्टेन्सिल. पिवळा आणि लाल हे झाकायला कमजोर रंग, निळ्यावर थेट पिवळा मारला तर हिरवट दिसेल आणि तुम्ही हातावर हात चढवत बसाल, अक्षराची कड जाड होईल. त्यामुळे अक्षराच्या जागी आधी पांढऱ्याचा एक पातळ हात, मग पिवळा. स्टेन्सिल व्हिनाइलमध्ये रेडियमच्या दुकानात कापून मिळते, गावच्या नंबरप्लेटवाल्याकडेही. निळा किमान एक दिवस वाळू द्या नाहीतर टेपसोबत तो उचलतो. स्टेन्सिल चिकटवल्यावर कडेने आधी निळ्याचाच किंवा क्लियरचा अगदी हलका फवारा मारा, कडेखाली जे शिरायचं ते तेच शिरतं आणि मग पिवळी कड सुरीने कापल्यासारखी येते. वेलांटी आणि मात्रेचे बारीक टोक आधी बोटाने दाबून घ्या, देवनागरीत तिथेच रंग शिरतो. पिवळा हाताला चिकटायचा थांबला पण अजून मऊ आहे, तेव्हाच स्टेन्सिल मागे दुमडून हळू ओढायची, पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडेचे तुकडे निघतात. वरून क्लियर पातळ पातळ हातांनी, पहिलाच हात ओला मारला तर अक्षर ओघळू शकतं.

प्रश्न (धुळे) : मी वर्कशॉपमधून रिटायर झालोय. घरी छोटा कॉम्प्रेसर आहे. नातवाच्या मिनी बाईकसाठी कॅनऐवजी स्प्रे गन वापरू का?

उत्तर : काका, तुमचा हात बसलेला आहे तर गनच. १.३ किंवा १.४ एमएमचा नोझल घ्या, लाइनला पाण्याचा ट्रॅप लावा आणि सुरू करायच्या आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा, छोट्या कॉम्प्रेसरमध्ये ते पटकन साचतं. मिनी बाईकचे पार्ट लहान असल्याने हवा पुरते, एक पार्ट झाला की प्रेशर भरू द्यायचं. चेसी मात्र पावडर कोटिंगला देण्याचा विचार करा. १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती भाजतात, दगडाचे टवके कमी उडतात. फक्त बेअरिंग, रबर, बुश सगळं काढून द्या आणि चेसीवर साधी लांबी कुठेही नको, त्या उष्णतेत ती टिकत नाही.

प्रश्न (बार्शी) : सायलेन्सरला हीट पेंट मारला तरी पोपडे निघाले.

उत्तर : क्रोमवर मारला असेल तर निघणारच. क्रोम आणि गंज दोन्ही घासून उघड्या लोखंडावर, खाली साधं अस्तर न लावता, ६०० अंशवाला सिलिकॉनचा स्प्रे पातळ दोन हात. तो नुसत्या हवेने पक्का होत नाही, उष्णतेने होतो. म्हणून पहिल्यांदा इंजिन पाच मिनिटं चालवून थंड करा, मग दहा मिनिटं, परत थंड, मग जरा जास्त. लगेच लांब फिरवलं तर आतला थिनर उकळून फोड येतात. थोडा धूर आणि वास येईल, उघड्यावर करा.

प्रश्न (लातूर) : सगळं झालं, क्लियर पण झालं. पॉलिश कधी मारू? आणि एका जागी ओघळ आलाय.

उत्तर : वन-के क्लियर असेल तर दोन आठवडे हात लावू नका, नखाचा व्रण उठतोय तोवर ते कच्चं आहे. टू-के असेल तर दोन-तीन दिवस पुरे. ओघळ ओला असताना पुसायचा नाही, पूर्ण वाळल्यावर त्याच्या दोन्ही बाजूला मास्किंग टेप लावा आणि लहानशा ठोकळ्यावर १००० चा पेपर, साबणाच्या पाण्याने, फक्त ओघळाच्या डोक्यावर. टेपला पेपर लागायला लागला की टेप काढा, मग १५००, मग २०००, मग रबिंग कंपाउंड मऊ फडक्याने. टाकीच्या कडांवर पेपर फिरवू नका, तिथे क्लियर सगळ्यात पातळ असतं आणि दोन घासांत रंग उघडा पडतो, कडांना नुसतं कंपाउंड. मेणाचं पॉलिश महिन्यानंतर.